चुन्याच्या घराला मागचं दार

आधी राजूबाईचं नाव सांगतो. भामरागडकडच्या आमच्या कॅम्पवर ती स्वयंपाक करायची. ती नसती तर आज मी ड्रॉइंग ऑफिसात नसतो, देवगडला मामाच्या होडीवर असतो. माझी शाळा पाचवीतच सुटली. मुंबईत एका ऑफिसात ट्रेसिंग शिकलो. म्हणजे साहेबाच्या ड्रॉइंगवर पारदर्शक कापड पसरून रेघ न रेघ गिरवायची. ऐकून ऐकून कामापुरतं इंग्रजी आलं. तेवढ्यावरच मला चांदा जिल्ह्याच्या त्या टोकाला पाठवलं होतं.

त्या सकाळी साइटवर गेलो तर रेघ पुन्हा पुसलेली.

काम दवाखान्याचं होतं. पैसा परदेशातल्या एका संस्थेचा, आर्किटेक्ट साहेबही तिकडचाच, स्वित्झर्लंडचा. प्लॅन त्याच्या तिकडच्या ऑफिसात झाला होता. आम्हाला इथे लाइनआउट करायचा होता. पाया खोदण्याआधी सगळा प्लॅन खऱ्या मापात जमिनीवर फक्कीने काढतात, त्याला लाइनआउट म्हणतात. फक्की म्हणजे चुन्याची पूड. भिंत येणार तिथे पांढरी रेघ, दार येणार तिथे रेघेत फट. सागाच्या रानातल्या त्या मोकळ्या जागी, सकाळच्या धुक्यात, ते बिनभिंतींचं घर नुसतं पडून असायचं.

पुसलेली रेघ रोज एकच. पेशंटच्या खोलीची मागची भिंत. खाट निघेल एवढा तुकडा साफ, बाकीच्या फक्कीला धक्का नाही. पाऊल नाही, खूर नाही. वारा म्हणावं तर वारा इतका नेमका पुसत नाही. मी दोरी लावून पुन्हा फक्की मारायचो. दुसऱ्या सकाळी तेच. ब्रह्मपुरीकडचे मजूर त्या बाजूला भाकर खायलाही बसेनात.

साहेबाला वाटलं, माझाच हात कच्चा आहे. पावसाळ्यात नदी चढते, रस्ता बंद होतो, त्याआधी छप्पर चढायला हवं होतं. तो शांतपणे म्हणाला, ‘‘उद्याही रेघ जागेवर नसेल तर मी दुसरा माणूस मागवतो.’’

मी कशीबशी रेघ मारली आणि स्वयंपाकाच्या मांडवात जाऊन बसलो. राजूबाई सिरोंच्याची. घरात तेलुगू, नवरा अहेरीचा, तिची गोंडीही उत्तम. सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं, गाववाल्यांना विचारलं का? नव्हतं विचारलं. जागा त्यांची, दवाखाना त्यांच्यासाठी, पण प्लॅन त्यांना कोणी दाखवला नव्हता. मी म्हटलं, त्यांना ड्रॉइंग कुठे वाचता येतं?

‘‘कागद नाई वाचत बाबू, पण घर तं वाचतेत ना. चालू दे त्याइले आत.’’

दुपारी तीच जाऊन गाव घेऊन आली. पुढे लालसू गायता. गायता म्हणजे गावाचं देवाधर्माचं बघणारा माणूस. रेघांपाशी येऊन सगळे थांबले. कोणीही रेघ ओलांडली नाही. वळसा घालून पुढच्या फटीपाशी आले आणि एकेक करून वाकून आत शिरले. त्यांच्या घरांची दारं ठेंगणी असतात, तसे वाकून. डोक्यावर उघडं आभाळ होतं. बायका हात लांब करून भिंत चाचपत होत्या. नसलेल्या भिंतीशी थांबत होत्या, वळत होत्या. खिडकी कुठे येणार, किती उंच येणार, ते मी हाताने दाखवत होतो. आधी थट्टा करणारे मजूर काम सोडून बघू लागले.

लालसू पेशंटच्या खोलीत आडवा झाला. डोळे मिटले, हातपाय ताठ केले. एका बाईने खालच्या आवाजात रडणं लावलं. चौघांनी त्याला खांद्यावर घेतलं, दारापर्यंत आणलं आणि थांबले. नुसते उभे. ऊन झाडांच्या शेंड्यांकडे सरकलं, त्यांचे दंड थरथरू लागले, पण कोणी त्याला खाली ठेवेना.

हे काय चाललंय, असं साहेबाने मला विचारलं. मी राजूबाईला, तिने त्यांना.

‘‘मेलेलं माणूस जित्या माणसाच्या दारानं नेत नाई म्हणते. याले कुठून काढायचं, साहेबाले विचार.’’

साहेबाचंही कारण होतं. एकच दार असलं की कोण आलं, कोण गेलं, यावर नर्सची नजर राहते. मी ते सांगितलं. खांद्यावरच्या लालसूने मिटल्या डोळ्यांनीच उत्तर दिलं. राजूबाईने पदर तोंडाला लावला.

‘‘म्हणे, मेलेल्यावर नजर ठेवून नर्सबाई काय करनार?’’ मग तिचा चेहरा बदलला. ‘‘एक जरी या दारानं गेला, तं दुसरा कोनी येनार नाई म्हणते. पोरं घरीच मरतील.’’

हे मी साहेबाला इंग्रजीत सांगितलं. साहेबाने डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाला, त्याच्या आजीच्या गावात माणूस गेला की खिडकी उघडतात, त्याला जाता यावं म्हणून. ते तीन भाषांतून लालसूपर्यंत पोचलं. त्याने एक डोळा उघडला.

‘‘मग इथी खिडकी एवढी उंच काऊन ठेवली, इचारते,’’ राजूबाई म्हणाली.

साहेब पहिल्यांदा हसला. मला म्हणाला, मागची रेघ पूस, तिथे दार घेऊ.

मी मागे गेलो. पुसायला काही नव्हतं. सकाळी माझ्या हाताने मारलेली रेघ तेवढ्याच जागी गेलेली होती. गाव सगळं पुढून आत आलं होतं. मागे कोणी फिरकलं नव्हतं.

त्या फटीतून त्यांनी लालसूला बाहेर नेलं आणि रानाकडे पाय करून ठेवलं. तो लगेच उठला नाही. मग उठून बसला, अंग झटकलं आणि तंबाखू मागितली. रेघ कोण पुसतं, असं मी राजूबाईकरवी विचारलं. तो म्हणाला, आम्ही असतो तर दिवसा येऊन सांगितलं असतं. पुढे रानाकडे बघत आणखी काही बोलला. ते राजूबाईने मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

साहेबाने बदललेलं ड्रॉइंग तिकडे पाठवलं, ते मंजूर झालं. नदी चढायच्या आत छप्पर चढलं. मागचं दार रानाकडे उघडतं, त्याला आतून अडसर असतो, कामापुरताच निघतो. खिडक्या खाली घेतल्या. त्या दुपारनंतर एकही रेघ पुसली गेली नाही. माझी नोकरी राहिली. ड्रॉइंगवर सही झाली म्हणजे गिऱ्हाइकाशी बोलणं झालं असं नव्हे, एवढं मात्र कळलं.

राजूबाईला सिरोंच्यात स्वतःचं घर बांधायचं आहे. मी तिला शब्द दिला आहे की ते मी आखीन. आधी तिला फक्कीच्या घरात फिरवीन, ती म्हणेल तिथे पुसीन, पुन्हा काढीन. अजून जमलेलं नाही, पण एक दिवस सिरोंच्याला जाणार.