तिसरा फेज

ज्या नियमांविरुद्ध तुम्ही तावातावाने बोलता, ते नियम तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेले असतात का? मी वाचले नव्हते. त्याची शिक्षा मात्र मला झाली नाही, माझ्या मामेबहिणीला झाली.

मी अक्षरं गिरवली ती पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. वडील कारकून. कामावरून आले की त्यांच्या पिशवीत कुठल्यातरी सभेचं, कुठल्यातरी संपाचं पत्रक असायचंच. शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत डब्यांखाली, फळ्यांवर, सगळीकडे जुनी पत्रकं अंथरलेली. कॉलेजात गेल्यावर मी स्वतः लिहायला लागले. इंग्रजी येत नाही एवढ्यावरून आमची पोरं मागे का ढकलता, असं विचारणारं माझं एक पत्रक पेठेपुरतं गाजलंही. तो प्रश्न मला आजही बरोबर वाटतो. पण त्या प्रश्नाच्या नशेत मी पुढे जे केलं ते बरोबर नव्हतं.

मामेबहीण वैरागची. मामाचं तिथे पंपाच्या विजेच्या मोटारींचं रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी भरायची. ही चौथीपासून त्याच्या शेजारी बसून तारेचे वेढे मोजायची. बारावी विज्ञान झाल्यावर दोन वर्षं दुकानातच गेली, पण मनात एकच होतं. हवाई दलाच्या तांत्रिक भरतीत बसायचं आणि विमानांच्या यंत्रांवर काम करायचं. वयाच्या अटीत बसणारी एकच परीक्षा उरली होती. मामा तिला आमच्याकडे घेऊन आला, पिशवी दारात ठेवली आणि मला म्हणाला, "तू शिकल्याली हायस. हिला तुझ्या हवाली करतो. मला त्यातलं काय कळत न्हाय, पर पोरीचा हात लई चांगला हाय."

"मामा, काळजी करू नका," मी म्हणाले. मला हे वाक्य फार सोपं गेलं.

फॉर्म भरला त्या दिवशी तिने माहितीपत्रकाची प्रत छापून आणली. इंग्रजीतली, बारीक अक्षरांची सहा पानं.

"अक्का, हे वाच की."

मी वरवर चाळलं. भौतिकशास्त्र, गणित, इंग्रजी असे तीन विषय. चुकीच्या उत्तराला गुण कापणार. "बाकी सगळं नेहमीचं घाबरवणं आहे," मी म्हणाले. "ज्यांना आपल्या भाषेत सांगता येत नाही, त्यांचं आपण कशाला वाचायचं?" ती हसली. तिला माझं बोलणं आवडायचं. ती पानं स्वयंपाकघरातल्या फळीवर गेली आणि त्यांच्यावर लोणच्याची बरणी बसली.

मग आठ महिने ती झपाटल्यासारखी अभ्यास करत होती. सकाळी अभ्यासिका, दुपारी घरी सराव परीक्षा. तपासायचं काम माझं. भौतिकशास्त्रात ती माझ्याही पुढे होती. विद्युतप्रवाहावरचा प्रश्न आला की पुस्तकातली आकृती बघायच्या आधी तिची बोटं हवेत फिरायची, जणू समोर मोटारच उघडून ठेवली आहे. गणित तिने घासून घासून पक्कं केलं. इंग्रजीत मात्र अडखळायची. मी तिन्ही विषयांचे गुण एकाखाली एक मांडायची, बेरीज करायची आणि 'एकूण' या शब्दापुढचा आकडा लाल पेनने गोल करायची. आम्ही दोघी त्या गोलाकडेच बघायचो. दहावी-बारावीपासून आम्हाला सवयच ती. कुणी निकाल विचारला की टक्के सांगायचे, आणि टक्के म्हणजे एकूण.

एकदा मामा बाजाराला आला होता. चहा पिता पिता त्याने तो कागद उचलला.

"ह्ये खालचं येवढंसंच का गं?"

"ते इंग्रजी, मामा. वरच्या दोन विषयांत भरून निघतंय."

"निघतंय ना पर?"

"आबा, अक्काला कळतंय की," बहीणच म्हणाली. "तुमी चहा प्या."

मामाने कागद खाली ठेवला आणि बशीत चहा ओतला. तिने एकदोनदा मला विचारलंही, "रोज तासभर इंग्रजी करू का?" मी म्हणाले, "जिथं ताकद आहे तिथं जोर लाव. त्यांच्या भाषेपुढे कशाला वाकायचं?" टाळ्या घेणारं वाक्य. खोलीत टाळ्या वाजवणारं कुणी नव्हतं. होती ती फक्त विश्वास ठेवणारी एक मुलगी.

निकाल आमच्या घरीच, तिच्या मोबाईलवर आला. तिने तो दोनदा वाचला. भौतिकशास्त्र उत्तम, गणित उत्तम, इंग्रजीत थोडक्यात कमी. शेवटी 'अपात्र'.

"अक्का, एकूण तर चांगलं हाय ना?"

मी उठले, बरणी उचलली. तेलाचा गोल डाग पडलेली पानं फळीवरून सोडवून घेतली. चौथ्या पानावर, डागाच्या अगदी कडेला, ते वाक्य होतं. प्रत्येक विषयात स्वतंत्रपणे उत्तीर्ण होणं आवश्यक. मी मोठ्याने वाचायला लागले तसं तिने पान माझ्या हातातून घेतलं आणि ओळीखाली बोट ठेवून, अडखळत, स्वतःच वाचलं. तिला कळलं. एवढं इंग्रजी तिला येत होतं.

मग ती म्हणाली, "आमच्या दुकानात निम्म्या मोटारी ह्याच्यानंच जळून येत्यात. तीन फेज लागत्यात, म्हंजी करंटाच्या तीन तारा. एक गेला की ऱ्हायलेले दोन कितीबी जोरात असू देत, मोटार नुसती घूं घूं करती आणि जळती. मला हे चौथीपासनं म्हाईत हाय की."

ती रडली नाही. तिने मला दोषही दिला नाही. दुसऱ्या दिवशी पिशवी भरली आणि दारात म्हणाली, "येते. तुमी जपा."

तुमी. लहानपणापासून ती मला अक्का आणि तूच म्हणत आली होती.

मागच्या महिन्यात वैरागला गेले होते. ती मोटारीच्या खाचांत तार बसवत होती. एक मुलगी कागद घेऊन शेजारी उभी होती, याच भरतीचे. माझी बहीण तार खाली ठेवून तिला एकेक ओळ वाचून, मराठीत सांगत होती. मला म्हणाली, "बसा की." मी सांगितलं, या नियमांचं मराठीत पत्रक काढते.

"काढा," ती म्हणाली. "पर भाषण नका घालू त्यात. नुसतं काय लिवलंय ते घाला."

ते पत्रक मी लिहिलं. एका पानाचं आहे, त्यात एकही घोषणा नाही. भाषेच्या अन्यायाशी माझं भांडण संपलेलं नाही. पण ते माझं होतं, आणि मी ते तिच्या एकमेव संधीवर लढले. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात, शेजारात कुणी अशा भरतीचा फॉर्म भरत असेल, तर त्यांच्यासोबत जमिनीवर बसा. गुण कसे देतात ते पान शोधा, बोट ठेवून मोठ्याने वाचा, आणि प्रत्येक विषयाचा आकडा वेगळ्या कागदावर लिहा. बेरीज करू नका.