देवाच्या रायेत कोल्हापूरचे पाहुणे

गोवा राज्य झालं त्या सुमाराला डिचोलीतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत कोल्हापूरकडचा एक तरुण राहायचा. खाणीचे ट्रक दुरुस्त करणाऱ्या गॅरेजात तो कामाला होता. एका शनिवारी त्याचे वडील अचानक दारात उभे राहिले. डोक्याला पटका, पायात करकरणाऱ्या वहाणा, खांद्यावर रिकामी पिशवी. रिकामी अशासाठी, की तीत मुलाचे कपडे भरून त्याला सोमवारी सकाळच्या गाडीने घरी न्यायचं होतं. गोव्यात पोरं दारूने जातात आणि उरलेली धुळीने जातात, असं त्यांना गावात कुणीतरी सांगितलं होतं.

मुलगा रात्री माझ्याकडे आला. "आबांना काय तरी चांगलं दाखवा. माझ्या तोंडनं 'न्हाई' निघत न्हाई त्यांच्यापुढं."

बस, एवढंच हवं होतं मला. पाहुण्यांना रानावनातून हिंडवणं हा माझा जुना शौक. मी मनातल्या मनात रविवारचा तीन अंकी प्रयोग बसवला आणि शेजाऱ्याची जीप मागून आणली.

पहिला अंक मयेच्या तळ्यावर. भोवती हिरव्या टेकड्या, काठाने फिरायची वाट, फुलझाडं. मी हात पसरून पडदा उघडल्यासारखा बाजूला झालो. आबांनी तळ्याकडे एक नजर टाकली.

"बरं हाय. रंकाळ्याच्या कोपऱ्यात मावंल."

दुसरा अंक हरवळ्याचा धबधबा. फाल्गुन महिना, त्यामुळे कड्यावरून पाणी कसंबसं ओघळत होतं. "पावसात इथे उभं राहवत नाही, काका," मी म्हणालो.

"आन् आमच्या राधानगरीच्या धरणाचं दार उघडल्यावर हितलं माणूस तिथं उभारल का?" ते म्हणाले. मुलगा खाली बघून दगडावर बोट फिरवत होता. पिशवी अजून खांद्यालाच होती.

तिसऱ्या अंकासाठी मी देवाची राय राखून ठेवली होती. आमच्याकडे काही गावांत देवाच्या नावाने जंगलाचा तुकडा राखलेला असतो. तिथे पायातलं काढून शिरायचं आणि आतलं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही. बाहेर उन्हाने जीव चालला होता आणि आत पाऊल टाकताच पाठीवर कुणी ओला पंचा ठेवावा तसा गारवा. मांडीएवढ्या जाड वेली झाडांवरून लोंबत होत्या. आबांनी इथे कोल्हापूर काढलं नाही. वहाणा हातात घेऊन हळूहळू चालू लागले. मी मात्र माझं भाषण चालूच ठेवलं, आणि काही बाहेर न नेण्याचा नियम सांगण्याच्या आधी झाडांची नावं सांगत बसलो.

तेवढ्यात त्यांना एक काठी दिसली. सरळ, वाळलेली, बिनगाठीची. अशी काठी दिसल्यावर शेतकऱ्याचा हात थांबत नाही. "चाबकाला झ्याक दांडा हुईल," म्हणत त्यांनी ती उचलली.

देवाच्या पाषाणापाशी त्या रायेचे म्हातारे पुजारी बसले होते. ते उठले नाहीत की रागावले नाहीत.

"पावण्या, ती देवाची."

"वाळल्याली हाय की."

"वाळली तरी देवाचीच."

आबांनी काठी होती तशी, होती तिथे ठेवली. चेहरा उतरला होता. "आता काय करायचं वो?"

"आतां गाऱ्हाणें घालूंया. हांगा कित्याक आयला तें मात खरें सांग."

मी नेहमीप्रमाणे नारळ आणला होता, तो पुढे केला. आबा म्हणाले, "पोराला घरी न्यायला आलोय." पुजाऱ्यांनी मुलाकडे बघितलं. "आनी तुजें?"

मुलगा एक पाऊल पुढे आला. "मला हितंच ऱ्हायाचंय. काम आवडतंय मला."

आबांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. हे वाक्य ते पहिल्यांदाच ऐकत होते.

पुजाऱ्यांनी नारळ हातात धरून सूर लावला. प्रत्येक मागण्यानंतर आपण सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. उत्तर आलं नाही तर गाऱ्हाणं अर्धंच राहतं.

"ह्या पावण्यान काठी उखल्ली, परत दवरली. चूक पोटांत घाल."

"व्हय म्हाराजा." आबांचा आवाज सगळ्यांत मोठा.

"ताका आपल्या पुताक घरा व्हरूंक जाय. ताचें आयक."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हटलं. मुलानेही म्हटलं, अगदी बारीक आवाजात.

"पुताक हांगा रावूंक जाय. ताका सुखान रावूं दी."

मुलाने ओठ मिटून घेतले होते. मी तोंड उघडणार, तर पुजाऱ्यांनी डोळ्यांनीच मला थोपवलं. नारळ धरलेला हात तसाच वर. वरून एक पान गिरक्या घेत आलं आणि आबांच्या पटक्यावर बसलं. त्यांनी ते काढलं, कुठे ठेवावं ते न कळून पायापाशी ठेवलं, आणि जमिनीकडे बघतच म्हणाले,

"व्हय म्हाराजा."

नारळ फुटला. मुलाने त्यांचे पाय धरले तर ते म्हणाले, "ऊठ, उगं तमाशा नको. गणपतीला घरला यायाचं म्हंजे यायाचं."

जीपकडे येताना मुलगा पुढे चालत होता. मला वाटलं, आता तरी माझ्या तिसऱ्या अंकाचं कौतुक होईल. आबांनी वहाणा घालून माझ्याकडे वळून बघितलं.

"तुमच्या खोलीला खिडकी येकच हाय," ते म्हणाले. "पोराला वारं लागत न्हाई. पाठीमागच्या अंगाला अजून येक पाडा. मी उद्या सकाळच्या गाडीनं जातोय, त्याच्या आत गवंडी बघून देतो."