केळशीपर्यंत

चाकणच्या ज्या कंपनीत मी क्वालिटीला आहे, तिथे वर्षातून एकदा आठवडाभर लाइन बंद ठेवून मशिनांची मोठी दुरुस्ती करतात. एरवी त्या आठवड्यात मी घरातली कपाटं आवरते, दातांच्या डॉक्टरकडे जाते आणि उरलेले दिवस झोपून काढते. त्या वर्षी जानेवारीची नोटीस लागली आणि माझ्या मनात आलं, गाडी काढावी आणि कोकणच्या किनाऱ्याने जावं. हायवेने नाही. अगदी पाण्याच्या कडेने, खाड्या ओलांडत, जमेल तितकं दक्षिणेला. गाडी घेऊन दीड वर्ष झालं होतं, पण पुनावळे ते चाकण आणि चाकण ते पुनावळे यापलीकडे ती फारशी कुठे गेलीच नव्हती.

घरी आम्ही तिघंच. मी, आई आणि अप्पा, म्हणजे माझे वडील. अप्पा तरुणपणी लातूरकडून इकडे आले आणि आयुष्यभर कंटेनरचा ट्रेलर चालवत राहिले. चाकणला माल भरायचा, घाट उतरून बंदरावर सोडायचा, तिथून रिकामा कंटेनर घेऊन परत यायचं. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी आपणहून काम सोडलं. छोटी गाडी चालवायला डॉक्टरांची ना नव्हती, पण अप्पाच म्हणाले, "खेळण्यातली गाडी आपल्याला जमत न्हाई." त्यामुळे माझ्या गाडीच्या स्टिअरिंगला त्यांनी कधी हात लावला नाही. आणि शेजारी बसायचीही वेळ आली नव्हती, कारण कुठे जायचं झालं तर ते सरळ बस पकडायचे.

रविवारी पोहे खाताना मी बेत सांगितला, तिघांनी जायचा.

"कोण चालवणार?" अप्पांनी विचारलं.

"मी."

"घाट?"

"घाटही मीच."

अप्पा अर्धा चहा तसाच ठेवून बाल्कनीत गेले. आई म्हणाली, "नको म्हणले न्हाईत. म्हंजे विचार करायलेत."

दोन दिवसांनी मी कामावरून आले तर जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याच्या खोक्याची एक आख्खी बाजू कापून ठेवलेली. तिच्यावर अप्पांनी निळ्या पेनने रस्ता काढला होता. एक्स्प्रेसवे, पनवेल, तिथून सरळ खाली गोवा हायवे. जागोजागी बारीक अक्षरात नोंदी होत्या. 'पाणी चांगलं.' 'टायरवाला, माणूस बरा.' 'इथं गाडी वळवायला जागा.' इतक्या वर्षांची माहिती त्या पुठ्ठ्यावर उतरली होती आणि गोवा हायवेची माहिती त्यांनी ओळखीच्या ड्रायव्हरांना फोन करून विचारून घेतली होती.

"अप्पा, यात समुद्र कुठाय?"

"हाय की. उजव्या अंगाला." त्यांनी पुठ्ठ्याच्या कडेबाहेर, टेबलाच्या काचेवर हात फिरवला.

मग मी माझा रस्ता मोबाइलवर दाखवला. ताम्हिणी घाट उतरून माणगाव, दिवेआगर, तिथून शेखाडीमार्गे समुद्राला खेटून श्रीवर्धन. दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वर, बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी चढवून पलीकडे वेसवी, मग केळशी. पुढे आंजर्ले, हर्णै, दाभोळची फेरीबोट, गुहागर. तिथूनही दिवस उरले तर आणखी एक खाडी. अप्पांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"हे रस्ते न्हाईत, गल्ल्या हायत. समोरून एस्टी आली तर काय करशील? आन् गाडी पाण्यावर घालायची? हँडब्रेकच्या भरवशावर?"

"लोक रोज घालतात."

"लोक काय बी करतेत."

त्या दिवशी बोलणं तिथेच थांबलं. मला राग आला होता आणि तो लपवताही येत नव्हता. तिशी उलटली होती, रोज तळवड्याच्या चौकातल्या कोंडीतून गाडी काढत होते, आणि तरी जेवणाच्या टेबलावर मला परवानगी मागावी लागत होती.

आमच्या कंपनीत डिस्पॅचला दापोली तालुक्यातले एक गृहस्थ आहेत, निवृत्तीला आलेले. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गाऱ्हाणं केलं. ते हसले आणि म्हणाले, "मॅडम, तुमी काय बोलू नका. मी येतो रविवारी. काकांशी मीच बोलतो."

ते खरंच आले, भोसरीहून, हातात आमसुलांची पिशवी घेऊन. मला वाटलं होतं ते कोकण किती सुंदर आहे ते सांगतील. त्यांनी त्यातलं काही काढलंच नाही. चहा झाल्यावर अप्पांना विचारलं, "काका, चढावर मागे उतार असताना लोड गाडी कशी उचलायचात?" अप्पांनी सांगितलं. मग यांनी सांगितलं, की फेरीबोटीचंही तसंच. बोटीची पुढची लोखंडी फळी धक्क्यावर टेकते. भरती असली तर फळी जवळजवळ सपाट, ओहोटी असली तर चांगलाच चढ-उतार, आणि खाली शेवाळ. काही बोटींवर गाडी उलटी चढवायला लावतात, म्हणजे पलीकडे सरळ उतरता येते.

अप्पा खुर्चीत पुढे सरकले. "उलटी? वजन कसं वाटतेत? मोठी गाडी आधी घेतेत का मागनं?"

पुढचा दीड तास दोघं बोलत होते. कपबश्यांची बोट झाली, साखरेचा डबा धक्का झाला. मी आणि आई स्वयंपाकघरातून ऐकत होतो. मध्येच त्या गृहस्थांनी सहज विचारलं, "काका, तुमी तर समुद्राचं माणूस. एवढी वर्षं बंदरावर."

"कुटला समुद्र, भाऊ," अप्पा म्हणाले. "गेटावर रांग. रांगेत आठ-दहा तास. मग आत गेलो की क्रेनखाली गाडी लावायची, कंटेनर उचलला की निघायचं. केबिनमधनं नुसते डबेच दिसायचे, डब्यांवर डबे. ह्यांना एकदा दाखवायला न्यावं म्हनलो होतो, तर दुसऱ्या माणसाला आत सोडत न्हाईत." 'ह्यांना' म्हणजे आईला. आईने माझ्याकडे पाहिलं नाही. कांदा चिरत राहिली. मला हे काहीच ठाऊक नव्हतं. लहानपणी अप्पा बंदरावरून आले की मी त्यांना विचारायची, आज समुद्र केवढा होता, आणि ते दोन्ही हात पसरून दाखवायचे.

पाहुणे गेल्यावर अप्पांनी आपली अट सांगितली. "आधी मला आळंदीला नेऊन आण. मग बगू."

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही निघालो. अप्पा माझ्या शेजारी, आई मागे. वाकडच्या पुलापर्यंतच माझा जीव मेटाकुटीला आला. अप्पांचा उजवा पाय सारखा पायाखालच्या मॅटवर दाबला जात होता, जणू तिथे ब्रेक आहे. "गिअर." "आरसा बग." "त्यो रिक्षावाला आत घुसणार हाय." आणि तो घुसायचाही, हे आणखी वाईट. मोशीच्या अलीकडे मी गाडी बाजूला घेतली आणि इंडिकेटर लावून थांबले.

"अप्पा, एकतर तुम्ही बोला, नाहीतर मी चालवते. दोन्ही एकाच वेळी होणार नाही."

मग मागून आई म्हणाली, "तुमच्या गाडीत कुणी बसून बोललं असतं तर उतरवून दिलं असतं तुमी."

अप्पा खिडकीबाहेर बघू लागले. मी गाडी परत रस्त्यावर घेतली.

आळंदीत नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात समोरून मांडवाचे बांबू भरलेला टेम्पो आला. त्याला मागे सरकता येईना. माझ्या मागे दोन रिक्षा, पायी चाललेले टाळकरी विद्यार्थी, एक फुलवाली. रिक्षावाल्यांना हाताने मागे घ्यायला सांगून मला शंभरेक फूट गाडी उलटी न्यावी लागणार होती. अप्पांचा हात दाराच्या कडीकडे गेला. उतरून, हातवारे करत मला मागे घ्यायचं, ही त्यांची सवय. पण त्यांनी हात परत मांडीवर ठेवला. मी आरशात बघत, इंचाइंचाने, एका ओट्याला जरासं घासता घासता वाचवून गाडी चौकात आणली. टेम्पो निघून गेला. दर्शन झालं, चहा झाला.

परतताना स्पाइन रोडला लागलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ब्रेक दाबणारा पाय बराच वेळ थांबलाय. मी वळून पाहिलं. अप्पा मान खिडकीला टेकवून झोपले होते, तोंड थोडं उघडं. आईने मागून माझ्या खांद्याला नुसता हात लावला. आजवर कंपनीत मला मिळालेलं कुठलंही प्रशस्तिपत्र त्या झोपेच्या जवळपास जाणार नाही.

त्याच संध्याकाळी अप्पा आणि मी मिळून पक्का बेत लिहायला बसलो. अप्पांनी भरती-ओहोटीच्या वेळा दापोलीकरांना फोन करून विचारल्या. कुठल्या गावाहून किती वाजता निघायचं, पेट्रोल कुठे भरायचं, बोटीच्या कुठल्या खेपेला पोचायचं, सगळं. दोघंही रंगात आलो होतो. आई समोर बसून मटार सोलत होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "वाच की जरा मोठ्यानं."

मी वाचलं. सहाला निघायचं. साडेआठला निघायचं. नाश्ता करून निघायचं.

"समदं निघायचंच लिवलंय," आई म्हणाली. "पोचल्यावर काय करायचं ते कुटाय?"

मी कागद वरपासून खालपर्यंत परत बघितला.

"माझं आख्खं आयुष्य गाडी कवा निघणार आन् कवा येणार ह्यात गेलं," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात, मटाराच्या शेंगेकडे बघत बोलत होती. "मला एक दिवस असा पायजे, गाडी उभी आन् माणसं घरात. मग तुमी बोटीत चढा न्हाईतर इमानात."

अप्पांनी पेन उचललं. केळशीच्या नावासमोर दोन मुक्काम लिहिले आणि गुहागर एक दिवस पुढे ढकललं. खालच्या ओळी खोडाव्या लागल्या. दाभोळच्या पुढची खाडी त्यात गेली. मला जरा चुटपुट लागली, खोटं कशाला बोलू. ती खाडी मी कितीदा तरी नकाशावर मोठी करून बघितली होती.

ठरलेल्या सकाळी उजाडताना निघालो. ताम्हिणीत धुकं होतं आणि अप्पा फक्त एकदा बोलले, "गिअर बरोबर हाय." शेखाडीच्या रस्त्यावर डोंगराच्या एका वळणानंतर समुद्र एकदम डाव्या-उजव्या कशाचाही विचार न करता समोर आला, एवढा की मी आपोआप गाडी हळू केली. अप्पांनी आईला मागे वळून सांगितलं, "बग." आई आधीच बघत होती.

बागमांडल्याला ओहोटी होती. बोटीवरच्या माणसाने हात गोल फिरवून गाडी उलटी घ्यायची खूण केली. चढवून झाल्यावर मी आणि आई वर कठड्याशी गेलो. अप्पा खालीच, बोनेटवर हात ठेवून उभे राहिले, जसं बैलाला धरून उभं राहावं तसे. पलीकडचा किनारा येईपर्यंत त्यांनी त्या बोटीवरच्या माणसाकडून इंजिनाची सगळी माहिती काढून घेतली होती.

केळशीला सुपारीच्या वाडीतल्या एका घरात खोल्या घेतल्या होत्या. घरमालकीण एकटीच होती, आईच्याच वयाची, मोठ्या आवाजाची. तिथला दुसरा दिवस आईचा. गाडी फणसाखाली उभी राहिली, तिच्यावर दिवसभर पानं पडली. अप्पा समुद्राकाठच्या पुळणीवर, वाळूत गेले आणि दुपारपर्यंत तिथेच बसले. मी डबा घेऊन गेले तेव्हा त्यांनी क्षितिजावरचा एक ठिपका दाखवला. "त्यो कंटेनरचा हाय. उंचीवरनं कळतंय. आपण सोडलेला माल असा जायचा पुढं." मग म्हणाले, "लई हळू जातो की."

संध्याकाळी जेवताना मी सकाळी किती वाजता निघायचं ते सांगायला लागले. अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "उद्या निघायलाच पायजे का?"

मला आधी वाटलं त्यांना बरं नाहीये. पण ते मजेत होते. आई खाली मान घालून हसत होती. गुहागरला जिथे खोल्या सांगून ठेवल्या होत्या तिथे मी फोन लावला. तिकडच्या बाई म्हणाल्या, "अहो रद्द कशाला म्हणता, पुढच्या खेपेला या." मी फोन ठेवला आणि आमटी परत वाढून घेतली.

आम्ही सुट्टी संपेपर्यंत केळशीलाच राहिलो. हर्णै नाही, दाभोळ नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी घरमालकीणबाईंनी अंगणात सुपारी वाळत घातली होती. आई तिच्यासोबत बसून ती फिरवत होती आणि दोघी आपापल्या सुनांबद्दल बोलत होत्या. आईला सून नाही, मी एकुलती एक. तरी ती बोलत होती, अगदी मनापासून, असती तर कशी असती ते. मी ओटीवर आडवी पडून ऐकत होते. हसू आवरत नव्हतं आणि उठून आत जावंसंही वाटत नव्हतं.