भरून परत केलेली डिश

रेडमंड या अमेरिकन गावात आमच्या भाड्याच्या घरासमोर घोड्यांचं एक कुरण होतं. घोडे म्हातारे होते आणि मालक त्यांच्याहून म्हातारा. एका सप्टेंबरात कुरणाच्या कुंपणाला सिटीचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, मोठा पांढरा बोर्ड लागला: इथे लहान प्लॉटची घरं बांधण्याचा प्रस्ताव आहे, पब्लिक हिअरिंग, म्हणजे जाहीर सुनावणी, नोव्हेंबरात. नवऱ्याने पावसात उभं राहून तो दोनदा वाचला आणि घरात येऊन म्हणाला, "हे आपल्याला जमण्यासारखं आहे."

जमण्यासारखं म्हणजे विकत घेण्यासारखं. ऐंशीचं दशक अर्धं उलटलं होतं. एक सॉफ्टवेअर कंपनी गावात येऊन बसली होती आणि तिच्यामागून आलेली तरुण मुलं मागेल ते भाडं मोजत होती. आमचा घरमालक येत्या उन्हाळ्यात घर विकायचं म्हणत होता. मुलगी तिसरीत होती आणि शाळेत नुकती कुठे रुळली होती. गावात विकाऊ होती ती लांबरुंद आवारांची घरं, आमच्या आवाक्याबाहेरची. आवाक्यातलं घर हवं तर पार डोंगराच्या पायथ्याशी जायचं. हे कुरण तेवढं मधे होतं.

सिटीतली माणसं सांगायची, घरांसाठी राखलेली जमीन संपत आली आहे. मला ते कधीच पटलं नाही. एवढी जमीन डोळ्यांसमोर पडलेली, तिच्यावर घोडे पेंगतायत, आणि म्हणे जमीन नाही. माझे वडील सांगलीकडे एका छोट्या नगरपालिकेत कारकून होते. नकाशावरचा शेतीचा हिरवा रंग एका रात्रीत घरांचा पिवळा कसा होतो, हे मी लहानपणी जेवताजेवता ऐकलेलं होतं. इथेही कुठेतरी पाणी मुरत असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. फक्त कुठे, ते कळत नव्हतं.

मग गावच्या साप्ताहिकात फोटो आला. असे प्रस्ताव तपासायला कौन्सिलने नेमलेली पाच जणांची समिती होती, आणि त्या पाचांत चक्क आमची शेजारीण. साठीची, एकटी राहणारी, येताजाता हात हलवणारी बाई. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी थेट कुरणावर उघडत होती. ज्या बाईला भांडी घासताना घोडे दिसतात, ती तिथे घरं कशाला होऊ देईल? माझा हिशोब तिथेच पुरा झाला. त्यातून ती भर पावसात गमबूट घालून कुरणाच्या कडेने फिरायची, मधेच थांबायची, वाकून जमिनीकडे बघायची. मी खिडकीच्या ब्लाइंड्सच्या फटीतून तिच्यावर नजर ठेवून असायची.

"आई, शी इज जस्ट वॉकिंग," मुलगी म्हणायची. तिला काय कळतंय, असं मला वाटायचं.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी ती बाई काचेच्या डिशमध्ये सफरचंदाचा पाय, म्हणजे सफरचंदं भरून भाजलेलं इथलं पक्वान्न, घेऊन दारात उभी राहिली. आम्ही मूळचे कुठले, इथे किती वर्षं झाली, पुढे राहायचा विचार आहे का, असं सगळं विचारून घेतलं. मी पोलिसाला द्यावीत तशी उत्तरं दिली. नवरा मात्र भोळा सांब. समोरच्या घरांपैकी एक आम्हाला घ्यायचंय, असं त्याने सांगून टाकलं. त्यावर तिचा चेहराच बदलला. त्या विषयावर तिला बोलता येणार नाही, एवढंच म्हणून ती उठली.

ती गेल्यावर मी म्हटलं, ही आपलं घर बघून गेली. नवरा पाय खात होता. तो म्हणाला, झाडाला सफरचंदं जास्त झाली असतील.

डिश माझ्याकडे राहिली आणि तिथून माझी पंचाईत सुरू झाली. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. घरात काहीच नसलं तर आई शेजारणीच्या वाटीत चिमूटभर साखर घालायची आणि मगच मला पिटाळायची. पण ही पडली समितीची मेंबर. भरून द्यावी तर भलतंच दिसेल, रिकामी द्यायला माझा हात धजेना, आणि ठेवून घ्यावी तर तीही एक तक्रार व्हायची. डिश फ्रिजवर पडून राहिली.

दिवाळी आली. मराठी मंडळींच्या जेवणात टेकडीवर मोठं घर असलेले एक काका नवऱ्याला म्हणाले की, मेंबर शेजारीच आहे तर जरा भेटून घ्या ना, आपल्याकडे नाही का करत. मी तिथल्या तिथे त्यांना तोडलं. असलं काही आम्ही करणार नाही, असं मी सगळ्यांसमोर बोलले. काकूंनी घाईघाईने माझ्या पानात पुरी वाढली.

आणि त्याच आठवड्यात मी बेसनाचे लाडू केले, चकल्या तळल्या, मुलीच्या टीचरला दिल्या, पोस्टमनला दिल्या, आणि शेजारणीची डिशही भरली. दिवाळीच्या फराळाला कोण काय म्हणणार? तिच्या दारात मी शब्दही बोलले नाही. डिश हातात दिली, हसले आणि परत फिरले. सुटले एकदाची, असं वाटलं.

हिअरिंगला आम्ही मुलीलाही घेऊन गेलो. हॉल ओल्या कोटांनी भरला होता. समितीच्या अध्यक्षाने सुरुवातीलाच विचारलं की, या प्रकरणात रस असलेल्या कुणाशी कुणा मेंबरचा बाहेर संबंध आला असल्यास त्याने आत्ताच सांगावं. तो इथला नियम होता. मला वाटलं, आता मुरलेलं पाणी वर येणार. मी पुढे सरकून बसले.

आमच्या शेजारणीने माइक जवळ ओढला. आपण शेजारच्या घरी पाय घेऊन गेलो होतो, तिथे त्यांनी घर घ्यायची इच्छा बोलून दाखवली आणि आपण विषय थांबवला, हे तिने सांगितलं. मग म्हणाली, "त्यानंतर माझी डिश मिठाईने भरून परत आली. त्यातले दोन गोळे मी खाल्ले. फार चांगले होते, हेही सांगायला हवं."

हॉलमध्ये हशा पिकला. मुलगी माझ्या कानात म्हणाली, "आई, शी इज टॉकिंग अबाउट अवर लाडू."

टेकडीवरच्या घरांतला एक अनोळखी माणूस उठला आणि या बाईंनी मत देऊ नये, असा त्याने आक्षेप घेतला. तिने वाद घातला नाही. कागद गोळा केले आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसली. मी मान वळवली नाही.

मग एकेक जण माइकशी येऊन घरं झाली तर कुरणामागच्या ओढ्यातल्या माशांचं काय होईल, याबद्दल बोलू लागला. माशांचा इतका कळवळा मी आयुष्यात पाहिला नव्हता. बोलत होते माशांबद्दल आणि डोळ्यांत होत्या आपापल्या घरांच्या किमती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. सिटीचा माणूस नकाशा दाखवून जमिनीचा तुटवडा समजावत होता, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. शेवटी मतं पडली दोन विरुद्ध दोन. बरोबरी म्हणजे प्रस्ताव पडला.

आम्ही गाडीत बसून घराकडे निघालो. मुलगी मागे झोपली आहे, असं बघून नवरा म्हणाला, "खरं सांग. तू ते मुद्दाम दिलं होतंस का?"

मी म्हटलं, "त्या काकांना मी काय बोलले ते तू ऐकलंस ना?"

"ऐकलं. आणि त्याच आठवड्यात लाडू दिलेस."

मला भयंकर संताप आला. जगावर संशय घेत हिंडणारी मी, आणि संशय नेमका माझ्यावर, तोही घरातूनच. भांडं रिकामं द्यायचं नसतं, एवढंच मी सांगत राहिले. सांगता सांगता मलाच ते लंगडं वाटू लागलं.

तो विषय त्याने पुन्हा काढला नाही. पण ख्रिसमसला मी टीचरसाठी नारळाच्या वड्या बांधत होते तेव्हा त्याने विचारलं, "आत्ता हे कशाला?" घरमालकाला चहा दिला तरी त्याची नजर माझ्या हाताकडे जायची. घर हुकलं याचं दुःख होतंच, पण ती नजर जास्त लागायची.

उन्हाळ्यात घर विकलं गेलं. डोंगराच्या पायथ्याशी आम्हाला जागा मिळाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी शेजारीण आली, हातात तीच काचेची डिश. या खेपेला स्ट्रॉबेरीचा पाय होता. आम्ही खोक्यांवर बसून खाल्ला. ती म्हणाली की फाइल बंद झाली, आता तिला बोलता येतं.

"मी हो म्हणणार होते," ती म्हणाली. हिवाळ्यात कुरणावर पाणी कुठे साचतं ते मत देण्याआधी स्वतः बघावं, म्हणून ती पावसात फिरायची. घोडे अजून किती दिवस असणार, माणसांनी कुठे राहायचं, असं ती म्हणाली. मला तिच्यासमोरच रडू आलं. नवरा खाली मान घालून बसला होता.

सकाळी मी डिश धुतली, पुसली आणि स्वयंपाकघरात उभी राहिले. सगळं बांधून झालं होतं. मग मी किराण्याचं खोकं शोधलं आणि त्यावरची टेप टराटरा फाडली. ती टेप नवऱ्यानेच पहाटे लावली होती. तो दारात येऊन उभा राहिला. मी साखरेचा डबा बाहेर काढला, चिमूटभर साखर डिशमध्ये घातली आणि खोकं पुन्हा बंद केलं.

तो पुढे आला आणि माझ्या हातातून डिश घेतली. "मी देऊन येतो," म्हणाला.

खिडकीतून मी त्याला कुंपणाच्या कडेने जाताना पाहिलं. साखर सांडू नये म्हणून त्याने डिश दोन्ही हातांनी धरली होती.