किरणोत्सारी आत्या

माझ्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी त्या वर्षी विनाकारण ओव्हरटाइम करत होती. हात थरथरत, छाती धडधडे, आणि तलासरीच्या शाळेत विज्ञानाचा तास मी घंटेच्या कितीतरी आधी संपवून मोकळी व्हायचे. मुंबईच्या डॉक्टरांनी त्यावर किरणोत्सारी आयोडीनची एक कॅप्सूल दिली. ती गिळताच मला इतकं हसू फुटलं, की नर्सने घाबरून आणखी पाणी पुढे केलं. इतकी वर्षं फळ्यावर मी ज्याच्या ऱ्हासाची घसरती रेघ काढत आले, ते आज माझ्याच पोटात उतरलं होतं!

पथ्य एकच, पण कडक. आयोडीन गळ्यातल्या ग्रंथीत जाऊन बसतं आणि तिथून किरण टाकत राहतं, म्हणून तीन आठवडे लहान मुलांच्या जवळ जायचं नाही. "घरात तान्हं बाळ आहे का?" डॉक्टरांनी विचारलं होतं. मी खुशाल "नाही" म्हटलं. माझ्या भावजयीला अजून महिनाभर अवकाश होता. पण आमच्या भाचीला कसली घाई झाली होती कोण जाणे, चौथ्याच दिवशी ती हजर!

डहाणूतल्या आमच्या चिकूच्या वाडीत टोकाला माल भरायची खोली आहे, तिथे माझी रवानगी झाली. बाळ मी खिडकीतून पाहिलं. दुपट्याचं गाठोडं आणि त्यातून बाहेर आलेली एक मूठ, बस. माझं लग्न झालेलं नाही, भाऊ एकुलता, आणि हे त्याचं पहिलं मूल. बारशाला बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा असतो. तो मान मला हवा होता. इतका हवा होता, की नुसत्या विचाराने झोप उडायची.

भाऊ जहाजावर नोकरीला, त्याची रजा संपत आलेली, त्यामुळे बारसं बाराव्या दिवशीच करायचं ठरलं. आईने बोटांवर हिशेब केला आणि खिडकीपाशी येऊन ओरडली, "अगं, जमलं! आठ दिवसांत अर्धं संपतं म्हणालीस ना? मग उरलेलं अर्धं पुढच्या आठात. बारशाला तुझा सोळावा दिवस. तू कोरी करकरीत!"

"आई, पुढच्या आठात उरलेल्याचं अर्धं संपतं."

"आणि मग?"

"मग त्याचं अर्धं."

"म्हणजे संपतच नाही?" ती मटकन पायरीवर बसली. "जन्मभर तू या खोलीत?"

मला शिकवायचा चेव चढला. खिडकीचे गज धरून मी सांगितलं, की शरीरही ते बाहेर टाकत असतं, त्यामुळे माझ्यातलं आणखी लवकर घटणार. आणि थोडंच उरलं की त्याची भीती नाही. कुठला अणू कधी फुटेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, पण ढिगातले निम्मे आठ दिवसांत फुटणार हे नक्की.

"आपल्या चिकूंसारखंच की," आई म्हणाली.

"चिकू चार दिवस ठेवला की पिकायला येतो. अणू नाही येत. तो काल जितका कच्चा, तितकाच आजही कच्चा, आणि मग एकदम फट्! अणू म्हातारा होतच नाही, आई."

आईने स्वतःचे गुडघे चोळले. "नशीबवान मेला," ती म्हणाली.

तेवढ्यात झाई गावची अक्का आली. अक्का म्हणजे आमची चुलत बहीण. "डोकं कशाला शिणवता? मी आहे ने! मीपण आत्याच. मी सांगते नाव." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घराण्यातल्या निम्म्या पोरांच्या कानात हिनेच कुर्र केलंय, तरी हौस फिटलेली नाही!

माझा चेहरा पाहून भाऊ पुढे आला. "ताई, लांब गेलं की किरण कमी होतात ना?"

"अंतर दुप्पट केलं की किरण चौथाई," मी रडवेल्या आवाजात म्हटलं. मास्तरकी काही सुटत नाही.

तो स्कूटर काढून डहाणू रोडला गेला आणि ठिबक सिंचनाच्या काळ्या नळीचं नवं कोरं, भोकं न पाडलेलं वेटोळं घेऊन आला. सोबत एक प्लास्टिकचं नरसाळं. मी डॉक्टरांना फोन लावला. ते बराच वेळ नुसते हसले. मग म्हणाले, एवढं लांब असाल तर खुशाल बोला, फक्त बाळाकडच्या टोकाला हात लावू नका.

बारशाला पाळणा ओटीवर, आणि मी अंगणाच्या पार टोकाला चिकूखाली, हातात नरसाळं. भावजयीने नळीचं दुसरं टोक बाळाच्या कानाशी धरलं. आत्याच्या पाठीत धपाटे घालायला बायका टपलेल्याच असतात. अक्काने चिकू काढायची लांब काठी पैदा केली होती. मी "कुर्रर्र" म्हटलं आणि पाठीत काठी बसली. पुन्हा कुर्र, पुन्हा काठी. उंबरगावहून आलेली भावजयीच्या माहेरची मंडळी पोट धरून हसत होती. मीही इतकी हसत होते की नाव सांगताना दोनदा अडखळले.

गलका झाला, पेढे निघाले. भावजय नळी बाजूला घ्यायची विसरली होती. मी नरसाळं सहज कानाला लावलं. आधी नुसतं घोंघावणं ऐकू आलं. मग एक उचकी. एवढीशी. आणि तिच्यामागून श्वास, आत, बाहेर, आत, बाहेर, अगदी माझ्या कानात. बारा दिवस जिला मी खिडकीतून पाहत होते, ती इतकी जवळ आली होती. मला हुंदका आवरेना आणि हसूही आवरेना.

"झालं ने," अक्का काठी टेकवत म्हणाली, "आता नळी गुंडाळा."

"हात तर लावून बघ नळीला," मी म्हटलं. पाहुणे पानांवर बसले, मला दोनदा हाक आली, तरी मी नरसाळं कानावरून काढलं नाही.