गव्हाआड दडलेली संत्री

ऐंशीच्या दशकातल्या एका डिसेंबरात मी नागपूरहून काटोलकडे निघाले, ती धास्तावलेल्या मनानं. तुम्ही जाल तेव्हा मजेत जा. हिवाळ्यात त्या भागात संत्र्यांचे बगीचे फळांनी लगडलेले असतात, फक्त तोडण्याआधी मालकाला विचारा.

मी तेव्हा नागपुरातल्या एका ऑफिसात उपग्रहाची चित्रं वाचायची. त्या चित्रांत तजेलदार हिरवळ लाल दिसते, कोमेजलेली फिकट. त्या वर्षी संत्र्यावर कोळशी आली होती. बारीक माशी पानांचा रस शोषते आणि मग पानाफळांवर काजळी धरते. फवारणीचं पथक आधी कुठल्या गावांना पाठवायचं, ते आमच्या नकाशावरून ठरणार होतं. माझ्या आत्याचं गाव चित्रात लालभडक होतं, म्हणजे ठणठणीत. आणि नागपुरात इतवारीच्या बाजारात भांडी घ्यायला आलेल्या शेजाऱ्याबरोबर आत्यानं निरोप धाडला होता, की बगीचा काळा पडून राहिला, येऊन पाहून जा.

आता चित्र खोटं म्हणावं की आत्या? मी साहेबांना नातं आधीच सांगून टाकलं. ते म्हणाले, "मग खोब्रागडेंना सोबत न्या. मोजमाप ते करतील, तुम्ही फक्त पाहा." खोब्रागडे म्हणजे आमच्या ऑफिसातले सर्वेक्षक, कमी बोलणारे आणि टेप घट्ट धरणारे.

सकाळच्या एसटीत खिडकीला काच नव्हती. थंडीनं कान बधिर झाले, तरी मला घाम फुटला होता. बगीचा बरा निघाला तर आत्या तोंडघशी पडणार, आजारी निघाला तर लोक म्हणणार, आत्यासाठी भाचीनं नकाशा फिरवला. काटोलच्या स्टँडवर आम्ही पोहे खाल्ले. वरचा तिखट रस्सा, म्हणजे तर्री, जास्त मागा, ते देतात. मी बशी बाजूला सारली, तेव्हा खोब्रागडे म्हणाले, "मॅडम, खाऊन घ्या. उपाशी पोटी झाडं जास्तच काळी दिसतात."

पुढे बैलगाडी मिळाली. गावाच्या शिवेपासून नुसता गहू, हिरवागार, वाऱ्यावर हलणारा. तो पाहून मी खचलेच, कारण चित्रच खरं ठरत होतं. आत्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी होती.

"काहून अशी पांढरी पडली वं? बिमार हायेस का?"

"नाही गं आत्या. बगीचा दाखव."

ती गव्हातून पुढे झाली, आम्ही मागे. गव्हाच्या मधोमध बगीचा होता आणि पानांवर चुलीच्या भांड्यासारखी काजळी. झाडांच्या ओळींमध्येसुद्धा तिनं गहू पेरला होता. मी एक पान बोटानं पुसलं आणि बोट काळं झालं. तिथंच कोडं उलगडलं. आमच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा एकराहून मोठा तुकडा. त्यात गहू आणि संत्री एकत्र कालवली जातात. गव्हाच्या तजेल्यानं संत्र्यांचा आजार झाकला होता.

"तुमच्या फोटोत मी चांगली दिसून राहिली म्हणते," आत्या म्हणाली. "अन् आता?"

"आता गहू वजा करायचा."

खोब्रागडेंनी टेप लावला. प्रत्येक तुकड्यात गहू किती आणि संत्री किती ते मोजलं. गव्हाचा वाटा काढला की राहील ती संत्र्यांची खरी तब्येत. शेजारच्या गावांतही असंच मोजत फिरलो. आत्यानं भाकरी आणि झुणका बांधून दिला होता, तो एका विहिरीवर बसून खाल्ला. त्या दिवसातलं तेवढंच सुख.

नागपुरात परतल्यावर त्या मोजमापांवरून सगळ्या तालुक्याच्या चित्रातून गहू वजा केला. साहेबांना ते पटलं आणि माझा जीव भांड्यात पडला. मग नवा नकाशा तयार झाला. गव्हाआड लपलेली कितीतरी गावं वर आली. आत्याचंही आलं, पण इतर गावं तिच्याहून वाईट निघाली. पथक एकच होतं. आत्याचं गाव दुसऱ्या फेरीत गेलं, आणि ते माझ्याच हातानं.

आत्या विचारायला रामदासपेठेतल्या आमच्या घरी आली. पथक आधी दुसऱ्या गावांना जाणार, ते मी खाली मान घालून सांगितलं.

"म्हणजे पहिले तिकडं जातीन?"

"हो."

"त्याहिचं माह्याहून खराब हाय?"

"हो, आत्या."

मी तिच्यापुढे चहा ठेवला. ती म्हणाली, "तुले सारा तालुका पाहा लागते. मले माहाच बगीचा दिसते." चहा तिनं तसाच ठेवला.

पथक पोचेपर्यंत तिचा बहार, म्हणजे त्या हंगामाचं पीक, हातचा गेला. ओढ्याकडची झाडं पुन्हा सावरली नाहीत, तोडावी लागली. त्या रस्त्यानं मी नंतर पुष्कळदा गेले, संत्री खाल्ली, पाहुण्यांना बगीचे दाखवले. पण गहू हिरवा दिसला की अजूनही ते गणित मनात पुन्हा मांडते, कुठेतरी चूक सापडेल म्हणून. सापडत नाही.