तोंडावर बोट

चूक माझीच होती. ती आधी कबूल करतो, म्हणजे पुढचं सांगायला तोंड राहील.

आमच्या धारूरकडच्या डोंगरपट्ट्यात कार्यक्रम कुठलाही असो, माईक माझ्या हातात. लग्न, सत्कार, पुण्यतिथी. नोकरी संस्थाचालक आबांच्या शाळेत क्लार्कची. आवाज बरा, पाठांतर बरं, आणि पोट एवढं की माईकचा स्टँड त्यामागं झाकला जातो. त्या आठवड्यात तीन पुण्यतिथ्या केल्या होत्या. चौथा कार्यक्रम आबांचा वाढदिवस. म्हणायचं होतं, "सर्वांनी उभं राहून टाळ्यांच्या गजरात..." तोंडातून गेलं, "सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून..."

अख्खा मंडप उभा राहिला. माना खाली. हात जोडलेले. समोर आबा, जिवंत, गळ्यात गुलाबाचा हार.

मी "बसून घ्या" म्हणेपर्यंत एक माणूस हलला नाही. माईकनं उभा केलेला माणूस माईकनं सांगितल्याशिवाय बसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

आबा उठले. हसतच माईक घेतला. "ह्याला बोलायला मीच शिकवलं. आता गप बसायला बी मीच शिकवतो." मग माझ्याकडं वळले. पहिलीतल्या पोराला सांगावं तसं म्हणाले, "हाताची घडी. तोंडावर बोट."

मी घडी घातली. बोट ठेवलं. वय अठ्ठेचाळीस.

कार्यक्रम संपेपर्यंत स्टेजच्या कोपऱ्यात तसाच उभा. नववीच्या रांगेत माझी मुलगी बसली होती. तिनं एकदाच वर बघितलं, नंतर चपलेकडं. लोक हसले. मीसुद्धा बोटाआडून हसलो. मागल्या साली आबांच्या भाच्यानं भर लग्नात नवरदेवाचंच नाव चुकवलं होतं. त्याला कुणीतरी पाण्याची बाटली नेऊन दिली. मी पडलो बौद्धवाड्यातला. जातीचा एक शब्द कुणी काढला नाही. काढायची गरजच नव्हती.

बोट खाली आलं, पण ओठ मोकळे झाले नाहीत. आबा लांबून दिसले तरी जीभ टाळूला चिकटायची. मी कार्यक्रम करत राहिलो. कागदावरचं वाचायचो. कागदाबाहेरचं बोलायची भीती बसली.

अशात एक दिवस किसन घरी आला. किसन म्हणजे माझ्या बायकोचा, सुमनचा, धाकटा भाऊ. आबांच्या मळ्यात नवी विहीर चालली होती, तिच्यात तो खाली उतरायचा. वर यारी असते, म्हणजे विहिरीची क्रेन. तिच्या तारेच्या रोपावर दगडही वर येतो आणि माणूसही.

"दाजी, रोप उसवलाय. मुकादम ऐकंना. तुमी आबांच्या जवळ असता, जरा कानावर घाला."

"घालतो की," मी म्हणालो. सुमन तिथंच भाकरी थापत होती.

गेलो. आबा ओसरीवर पेपर वाचत होते. मी चपला काढून पायरीखाली उभा राहिलो. पेपरामागून आवाज आला, "काय?"

"काय न्हाई आबा. सहज."

त्यांनी पान उलटलं. मी चपला घातल्या. एवढंच. आयुष्यभर लोकांची भाषणं लांबवली आणि चार शब्दांची गोष्ट मला बोलता आली नाही.

घरी आल्यावर सुमननं विचारलं, "सांगितलं का?" मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. पाणी संपलं तरी तांब्या खाली घेतला नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी रोप तुटला.

पोलिसांच्या कागदावर आलं, किसन पाय घसरून पडला. यारीवर आठ-दहा जण होते. कुणी काही बघितलेलं नव्हतं. मीही गप्प. भावाला अग्नी देऊन आल्यावर सुमन माझ्याशी बोलायची थांबली. ताट ठेवायची. पाणी ठेवायची. बघायची नाही. बावीस वर्षांत आम्ही लई भांडलो, पण भांडणात निदान माणूस समोर असतो. हे म्हणजे घरात मी नव्हतोच. मी मुद्दाम खोकायचो, भांडं पाडायचो. ती भांडं उचलून जागेवर ठेवायची.

चौथ्या दिवशी आबांच्या आईचं वर्षश्राद्ध, शाळेच्या मैदानावर. हेडमास्तर सकाळी मोटारसायकल घेऊन दारात. "दुःख हाय, कळतंय मला. पण माईक कोण धरणार? आबांनी पाठवलंय." मी शर्ट बदलला. खोटं कशाला बोलू, भ्यायलो म्हणून बदलला. सुमन दारात उभी होती. बाजूला झाली, तेवढंच.

श्रद्धांजलीचा कागद हातात आला. वर आईसाहेब, खाली वर्षभरात गावात वारलेली आणखी तीन माणसं. किसन नाही. मी हळूच हेडमास्तरांना विचारलं, "किसनचं नाव?"

"कावून पण? कशाला खाजवून खरूज काढता?"

पहिल्या रांगेत आबांनी ऐकलं. मागं न वळता म्हणाले, "पाय घसरून पडणाऱ्यांची नावं घेत बसलो तर जेवायला सांज होईल. कागदावर हाय तेवढं वाच बे."

मी वाचलं. आईसाहेब. मग तीन नावं. कागद थरथरत होता, आणि माईक एवढा जवळ की त्याची फडफड भोंग्यातून साऱ्या गावाला ऐकू जात होती. बायकोसमोर धरलेला रिकामा तांब्या आठवला. कागद घडी करून खिशात घातला.

"आणि किसन धोंडिबा. आबांच्या विहिरीवर. यारीचा रोप तुटून. सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं."

सगळे उभे राहिले. आबाही. आईचं नाव होतं त्यात, बसणार कसे?

दोन मिनिटं झाली. मी "बसून घ्या" म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. लोक आता ह्याला माझं धाडस म्हणतात. धाडस कसलं, आवाजच निघेना. आबांचे डोळे माझ्यावर होते. तीन मिनिटं. चार. ऊन डोक्यावर. एक माणूस बसला नाही. मी आयुष्यात एवढी शांतता ऐकली नव्हती, आणि त्या शांततेत प्रत्येक जण किसनच्या नावापाशी उभा होता.

मग मागून, विहिरीवरच्या गड्यांमधून, कुणीतरी म्हणालं, "रोप उसवलाच हुता."

कोण बोललं ते कुणी वळून बघितलं नाही. थोड्या वेळानं दुसरा आवाज आला, "आमी सांगितलं हुतं मुकादमाला."

आबा खाली बसले. खुर्ची करकरली. मी माईक स्टँडला लावला आणि चालू लागलो. पळालो नाही, कारण पाय तेवढे कामाचे राहिले नव्हते.

घरी येईस्तोवर फोन आला. हेडमास्तर. "उद्यापासून येऊ नका." मी दाराला आतून कडी लावली. मग खिडकीलाही लावली. बाहेर गाडीचा आवाज झाला की उठून उभा राहत होतो. खरं सांगतो, मी आजही ते करतो.

भोंगा आमच्या वाड्यापर्यंत ऐकू येतो. सुमन चुलीपाशी बसली होती. चार दिवसांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ती रडेल, किंवा मला रडू देईल.

ती म्हणाली, "नाव घेताना आवाज कापला तुमचा. उद्या ठाण्यात नीट घ्या, मी येते संगं. आन् रोपाचं तो तुमाला आधी सांगून गेलता, तुमी आबांच्या दारातून तसेच माघारी आलता, ते बी लिहून द्या. ते गाळायचं न्हाई."